कळांचा रकाना

अमरावतीत कुणालाही विचारा, जन्म कुठला? निम्मे लोक सांगतील, "डफरीनचा." सरकारी कागदावर त्याचं नाव जिल्हा स्त्री रुग्णालय आहे, पण ते कागदावरच. ऑटोवाल्याला हे लांबलचक नाव सांगितलं तर तो तुमच्याकडे बघत राहील, "डफरीन" म्हटलं की ऑटो सुरू. अकोल्यात तेच काम "लेडी हार्डिंग" हे नाव करतं. मी डफरीनचा, बायको लेडी हार्डिंगची. लग्न जमवताना छत्तीस गुण तपासले गेले, हा सदतिसावा कुणाच्या लक्षातच आला नाही :-)

इतकी वर्षं ही दोन नावं मी राजकमल चौक किंवा बडनेरा स्टेशन म्हणावं तशी वापरत होतो. डफरीन कोण, हार्डिंग कोण, असा प्रश्न कधी पडला नाही. पडला तो २०१९ साली, आणि त्याला कारण झालं माझंच एक मूर्ख वाक्य.

आम्ही पुण्यात. बायकोला सातवा महिना. तपासणी झाल्यावर डॉक्टर बाईंनी सहज विचारलं, "पेनलेस डिलिव्हरीचा काही विचार केलाय का? एपिड्युरल?" बायकोने माझ्याकडे बघितलं. आणि मी, जणू प्रश्न मलाच विचारलाय अशा थाटात, म्हणालो, "गरज आहे का? म्हणजे... सगळ्या बायका करतातच ना."

बायको तिथे काही बोलली नाही. खाली पार्किंगमध्ये गाडीचं दार लावता लावता म्हणाली, "मागच्या वर्षी अक्कलदाढ काढलीस, तेव्हा भूल घेतली होतीस ना? दाढा पण सगळेच काढतात."

यावर काय बोलणार! गप्प बसलो आणि त्या रात्रीपासून वाचायला लागलो. पुढचे दोन महिने शनिवार-रविवार त्यातच गेले. वाचत वाचत एडिंबरो, लंडन, हैदराबाद असा फिरून शेवटी आलो तो पुन्हा डफरीनच्याच दारात. म्हणून हा उद्योग.

*

तर सुरुवात एडिंबरोपासून. तिथले बाळंतपणाचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन यांनी १९ जानेवारी १८४७ ला एका बाळंत होणाऱ्या बाईला ईथर दिलं. ईथरखाली शस्त्रक्रिया होते हे अमेरिकेत जाहीरपणे दाखवून जेमतेम तीन महिने झाले होते. पण ईथरचा वास उग्र, खोकला फार. सिम्प्सनसाहेब दुसरं काहीतरी शोधत होते. शोधण्याची पद्धत अशी, की रात्री जेवण झाल्यावर दोन डॉक्टर मित्रांना घेऊन बसायचं आणि निरनिराळी रसायनं हुंगून बघायची! ४ नोव्हेंबर १८४७ च्या रात्री क्लोरोफॉर्मची पाळी आली. आधी तिघे खुशीत येऊन बडबडायला लागले आणि मग तिघेही टेबलाखाली. शुद्धीवर आल्यावर सिम्प्सनना कळलं की सापडलं. (आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीपुढे हा प्रयोग मांडून बघा.) काही दिवसांत ते बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला लागले.

लगेच वाद सुरू झाला. बायबलमध्ये ईव्हला शाप आहे की तू वेदनेतच मुलं जन्माला घालशील. मग कळा थांबवणं म्हणजे देवाच्या शिक्षेत ढवळाढवळ. सिम्प्सननी पुस्तिका काढून उत्तर दिलं की देवानेसुद्धा आदमची फासळी काढण्यापूर्वी त्याला गाढ झोपवलं होतं, म्हणजे पहिला भूलतज्ज्ञ देवच! डॉक्टरांचे आक्षेप मात्र वेगळे होते आणि ते काही अगदीच फालतू नव्हते. क्लोरोफॉर्मने शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसं दगावत होती. निरोगी बाईला, जिथे निसर्ग आपलं काम करतोच आहे तिथे, हा धोका कशाला?

वाद मिटवला तो युक्तिवादाने नाही, एका पेशंटने. राणी व्हिक्टोरियाची सात बाळंतपणं काहीही न घेता झाली होती. आठव्या वेळी, ७ एप्रिल १८५३ ला, डॉक्टर जॉन स्नो यांनी तिला क्लोरोफॉर्म दिला. रुमालावर थोडा थोडा, कळ येईल तसा, ५३ मिनिटं. राणी पूर्ण बेशुद्ध नव्हती, कळांची धार तेवढी बोथट झाली. (जॉन स्नो हे नाव ओळखीचं वाटलं ना? पुढच्याच वर्षी लंडनच्या नकाशावर कॉलऱ्याचे मृत्यू मांडून ज्याने दूषित पंप शोधला, तोच हा. डेटाचं काम करणाऱ्या आम्हा लोकांचं कुलदैवत.) मे महिन्यात 'लॅन्सेट'ने नाराजीचा अग्रलेख लिहिला, पण व्हायचा तो परिणाम झाला होता. राणीने घेतलं म्हटल्यावर सरदारणींनी घेतलं, मग पैसेवाल्यांनी.

आता गंमत बघा. त्याच १८५३ च्या मे महिन्यात इकडे काय झालं? निजामाने कंपनी सरकारशी तह केला आणि फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. म्हणजे राणीला कळांवर औषध मिळालं त्याच्या पुढच्याच महिन्यात माझ्या खापरपणजीचा गाव कंपनीच्या हाताखाली गेला. यात कार्यकारणभाव काही नाही, निव्वळ योगायोग. पण पुढचे धागे याच दोन घटनांतून निघतात.

*

त्या वेळी वऱ्हाडातली बाई काय करत होती? तिच्याबद्दल कुणी अग्रलेख लिहिला नाही, म्हणून मी माझ्या आजीवर भिस्त ठेवतो. आजी दर्यापूरकडची. आठ बाळंतपणं, आठही घरी. सुईणीला ती दाई म्हणायची. दाईचा हात कसा गरम होता, कंबर ती कशी रगडून द्यायची, तेल कोमट कसं करायची, हे आजी साठ वर्षांनंतरही हाताने करून दाखवायची. बाई अडली की घरातली कुलपं उघडायची, पेटीची झाकणं उघडायची, वेणी सोडायची, लुगड्याच्या गाठी सैल करायच्या. सगळं मोकळं केलं की बाई पण मोकळी होईल. आमच्याकडे बाळंत झाली असं म्हणत नाहीत, "मोकयी झाली" म्हणतात. प्रमाण मराठीतही "सुटका झाली" आहेच. म्हणजे भाषेला पक्कं माहीत होतं की ही कोंडी आहे.

कुलपं उघडून कळा कमी होत नाहीत हे उघड आहे. पण कंबर रगडणं, कोमट तेल, चालणं-फिरणं, उकिडवं बसणं आणि सोबत चार अनुभवी बायका, याने होतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात एक मजेदार तंटा आहे. काही जण म्हणत की कळा सुरू झाल्या की बाईला मुसळ घेऊन कांडायला लावावं. आत्रेय म्हणतात, मुळीच नको, या वेळी कष्टाचं काम म्हणजे जिवाला धोका. हवं तर तिने फिरावं. आणि तिच्याभोवती कशा बायका असाव्यात तेही सांगितलं आहे: अनेकदा बाळंत झालेल्या, प्रेमळ, धीर देणाऱ्या. थोडक्यात काय, बाळंतिणीजवळ कुणी असावं आणि तिला कष्ट देऊ नयेत, हे आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून लिहून ठेवलेलं होतं.

पण जुनं ते सोनं म्हणून गळा काढायचीही सोय नाही. आजीच्या आठांपैकी दोन मुलं गेली. धनुर्वात, बाळंतज्वर, अडलेलं मूल... यावर त्या गरम हाताकडे काही इलाज नव्हता. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय मला या निमित्ताने कळला: आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र! जगात कुठलाही विषय निवडता आला असता, त्यांनी निवडलं बाळंतपण. पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला त्या गेल्या. बावीस वर्षंसुद्धा पूर्ण नव्हती.

*

आणि आता डफरीन.

१८८१ च्या सुमारास पन्नाच्या राणीने तिच्यावर उपचार करणाऱ्या मिस बेल्बी या मिशनरी डॉक्टरीणबाईंजवळ व्हिक्टोरियासाठी निरोप दिला: इथल्या बायका आजारपणात फार सोसतात, पुरुष डॉक्टर चालत नाही आणि बाई डॉक्टर मिळत नाही, काहीतरी करा. निरोप इतक्या बारीक अक्षरात लिहून घेतला म्हणे की गळ्यातल्या लॉकेटमध्ये मावावा. तो पोचला. १८८४ मध्ये लॉर्ड डफरीन व्हाइसरॉय म्हणून निघाले तेव्हा राणीने त्यांच्या बायकोला सांगितलं की या कामात लक्ष घाल. १८८५ मध्ये लेडी डफरीनने निधी उभा केला, बाई डॉक्टर, नर्स आणि सुईणी शिकवायच्या आणि बायकांसाठी दवाखाने काढायचे. या नावाचे दवाखाने देशभर झाले, त्यातलं एक नाव अमरावतीच्या जिभेवर कायमचं बसलं. पुढे १९०३ मध्ये लेडी कर्झनने दायांच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरियाच्या नावाने दुसरा निधी काढला. त्यानंतरची लेडी हार्डिंग. दिल्लीचं बायकांचं मेडिकल कॉलेज १९१६ मध्ये तिच्याच नावाने सुरू झालं, आणि अकोल्यात तिचं नाव आहेच.

म्हणजे बघा, जी राणी क्लोरोफॉर्म घेऊन बाळंत झाली, तिच्याच सांगण्यावरून डफरीन सुरू झालं. मग डफरीनबरोबर राणीचं औषध पण यायला हवं होतं की नाही?

क्लोरोफॉर्म हिंदुस्तानात १८४८ पासूनच होता. आणि वऱ्हाडचा तर त्याच्याशी जवळचा संबंध. १८५३ ते १९०३ अशी पन्नास वर्षं वऱ्हाडचा कारभार नागपूरहून नाही, हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटकडून चालायचा. त्याच रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी म्हणजे क्लोरोफॉर्मचे कट्टर भक्त. क्लोरोफॉर्म माणूस मारतो तो हृदय थांबवून की श्वास थांबवून, या प्रश्नावर त्यांनी १८८८ आणि १८८९ मध्ये दोन कमिशनं बसवली. दुसऱ्यासाठी निजामाने पैसे दिले आणि लंडनहून लॉडर ब्रंटनसारखा नामांकित माणूस आला. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निष्कर्ष: श्वास सांभाळा, हृदयाची काळजी नको. तो चुकीचा होता हे १९११ मध्ये इंग्लंडात गुडमन लेव्हीने दाखवलं, क्लोरोफॉर्मने हृदयाची लय अचानक बिघडू शकते. पण याच हैदराबादेत लॉरींच्या हाताखाली रूपाबाई फर्दुनजी भूल द्यायला शिकल्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. १९०९ मध्ये त्या आणखी शिकायला कुठे गेल्या? सिम्प्सनच्या एडिंबरोला.

सगळं होतं. औषध होतं, ते देणारी बाई होती, बायकांचा दवाखाना होता. पण या सगळ्या खटाटोपाचा विषय होता ऑपरेशनचं टेबल. साध्या, सरळ बाळंतपणाच्या कळांसाठी हे सगळं आहे असं कुणी मनावर घेतलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या काळात ते समजू शकतं. आधी बाई जगली पाहिजे. डफरीन निधीपुढचा प्रश्न मरणाचा होता. स्वच्छ हात, उकळलेली कात्री, बाई डॉक्टर, यानेच माणसं वाचत होती. फक्त त्या सफाईत दाईच्या मळक्या कात्रीबरोबर तिचा गरम हातही बाहेर गेला. बाई खोलीत एकटी आणि नातेवाईक व्हरांड्यात, ही रीत तेव्हापासून रुळत गेली.

*

तिकडे युरोप-अमेरिकेत सगळं आलबेल होतं असं समजू नका. १९०६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला 'ट्वायलाइट स्लीप' निघाली. मॉर्फिन आणि स्कोपोलामिन. १९१४ मध्ये अमेरिकेतल्या बायकांनी, त्यात मताधिकाराच्या चळवळीतल्याही होत्या, हे आम्हाला मिळालंच पाहिजे म्हणून संघटना काढली. बाई सकाळी उठायची ती बाळ शेजारी, आणि काही आठवत नाही. चमत्कार! खरं काय होतं? स्कोपोलामिनने वेदना जात नव्हती, आठवण जात होती. बाई रात्रभर ओरडायची, झटापट करायची, काही ठिकाणी पट्ट्याने बांधून ठेवावी लागायची. आमच्या भाषेत सांगायचं तर बग दुरुस्त केला नाही, लॉग पुसून टाकला.

दुसरीकडे खरी प्रगती हळूहळू होत होती. १९०० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ऑस्कर क्राइसने बाळंतिणींना पाठीच्या कण्यातून भूल दिली. १९२१ मध्ये स्पेनच्या फिदेल पाखेसने कमरेतल्या एपिड्युरल भुलीचं तंत्र मांडलं. १९४० च्या दशकात तिथे बारीक नळी ठेवून तासन्‌तास औषध देता यायला लागलं. आजची एपिड्युरल तीच, फक्त औषध आता इतकं पातळ की दुखणं कमी होतं आणि पायातली व जोर लावायची ताकद बरीचशी राहते.

पर्याय आज कोणते, ते थोडक्यात सांगतो, कारण दोन महिने माझ्या डोक्यात याच याद्या होत्या. पहिला, सोबत, मालीश, चालणं, कोमट पाणी. खर्च जवळपास शून्य. आणि ज्या बाईजवळ सलग कुणी असतं तिला वेदनाशामक कमी लागतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलेलं आहे. दुसरा, पेथिडीन किंवा ट्रामाडॉलचं इंजेक्शन. आराम मध्यम, गुंगी आणि मळमळ, शेवटच्या तासांत पेथिडीन दिलं तर बाळ सुस्त होऊ शकतं. मुंबईच्या डॉ. शिरीष डाफ्तरींनी अशीच साधी औषधं आखणीने देण्याची पद्धत बसवली, ती भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणांना सोयीची. तिसरा, लाफिंग गॅस आणि ऑक्सिजन निम्मे-निम्मे, बाईने स्वतः मुखवटा धरून ओढायचा. इंग्लंडात घरोघरी माहीत, आपल्या सरकारी लेबर रूममध्ये क्वचित दिसतो. चौथा, एपिड्युरल. आराम सगळ्यात जास्त. बीपी पडू शकतं, शंभरात एखादीला काही दिवस जोरदार डोकेदुखी होते, म्हणून देखरेख हवीच. "त्याने सीझर होतं", "जन्मभर कंबर दुखते" ही दोन वाक्यं मी किमान पंधरा लोकांकडून ऐकली. मोठे अभ्यास या दोन्हींना दुजोरा देत नाहीत.

*

मग वऱ्हाडात हे का पोचलं नाही? ज्ञान नाही असं म्हणता येणार नाही. अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं मेडिकल कॉलेज १९८४ पासून आहे, अकोल्याला सरकारी कॉलेज २००२ पासून. गणित वेगळंच आहे. आपल्या जिल्ह्याच्या गावांत भूलवाले डॉक्टर बहुतेक एका नर्सिंग होममध्ये बसून नसतात, फोन आला की या दवाखान्यातून त्या दवाखान्यात धावतात. सीझर तासाभरात आटोपतं. एपिड्युरल घेतलेल्या बाईकडे आठ-दहा तास लक्ष ठेवायचं. आणि सरकारी वॉर्डात एका नर्सकडे एकाच वेळी किती बाया असतात ते तिलाच विचारा. धारणी-चिखलदऱ्याकडे तर अजूनही पहिला प्रश्न गाडी वेळेवर येण्याचा आहे.

पण मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीने बसला. कळा कमी करण्याचं औषध पोचलं नाही. कळा वाढवण्याचं मात्र सगळीकडे पोचलं! ऑक्सिटोसिन. १९०६ मध्ये हेन्री डेल यांनी पिट्युटरीच्या अर्काचा गुण शोधला, १९०९ मध्ये ब्लेअर-बेलने तो बाळंतपणात वापरला, १९५३ मध्ये द्यु विन्योने ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ चं नोबेल मिळवलं. हे औषध बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवतं, लाखो आयांचे जीव त्याने वाचवलेत, त्याबद्दल दुमत नाही. पण सलाइनमधून ते कळा वाढवायलाही देतात आणि त्या कळा जोरदार असतात. आपल्याकडे तर म्हशीने पान्हा सोडावा म्हणून गोठ्यातही त्याच्या बाटल्या असायच्या. स्वस्त, सोपं, आणि खाट लवकर रिकामी होते.

माझी ताई २०११ मध्ये बाळंत झाली. आमच्याच भागातल्या एका दवाखान्यात, नावात काही अर्थ नाही. सलाइनमधून कळांचं औषध सुरू केलं, चौदा तास गेले. आई बाहेरच्या बाकड्यावर. आतून ताईचा आवाज येत होता आणि त्यावर कुणीतरी खेकसल्याचा, "ओरडू नको, तुलाच नाही होऊन राह्यलं जगात." (माझं २०१९ चं वाक्य आठवा. फार फरक आहे का?) बाळ उत्तम, ताई उत्तम, पेढे वाटले. केस पेपरवर नॉर्मल डिलिव्हरी.

त्या केस पेपरवरच माझं डोकं अडकलं. लेबर रूममध्ये पार्टोग्राफ नावाचा तक्ता असतो. १९५४ मध्ये अमेरिकेच्या फ्रिडमनने बाळंतपणाच्या प्रगतीचा आलेख काढला, १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिलपॉटने त्याचा कामाचा तक्ता केला, १९९४ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेने तो जगभर नेला. अप्रतिम डिझाइन! एका कागदावर बाळाचे ठोके, गर्भाशयाचं तोंड किती उघडलं, आईची नाडी, बीपी, ताप, लघवी. आणि कळा. दहा मिनिटांत किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, सगळं चौकोनांत भरायचं. दुखतंय किती, याला मात्र रकाना नाही. १९५२ मध्ये व्हर्जिनिया ॲपगारने बाळासाठी शून्य ते दहा असा गुणांक काढला, तो आज जगातल्या जवळपास प्रत्येक दवाखान्यात बाळाला मिळतो. ॲपगार बाई मूळच्या भूलतज्ज्ञ! आईला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो हे त्यांना मोजायचं होतं. म्हणजे बाळाला आकडा मिळाला, कळांना आकडा मिळाला, कळा सोसणारीला नाही.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट पक्की ओळखून असतो. ज्याची फील्ड नाही त्याचा डेटा नाही, ज्याचा डेटा नाही त्याचा रिपोर्ट नाही, आणि ज्याचा रिपोर्ट नाही ती अडचण साहेबांच्या मते अस्तित्वातच नाही. यात कुणी दुष्ट असावं लागत नाही. नर्स वाईट नसते, डॉक्टर वाईट नसतात. कागदच विचारत नाही, मग त्या कशाला विचारतील?

*

आता परिस्थिती सरकते आहे. २०१८–२० च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावतात, देशात ९७. एकूण एक वाचवायला हव्यात, पण लेडी डफरीनच्या काळातला "आधी जगू दे, मग दुखण्याचं बघू" हा मुद्दा आता पूर्वीसारखा पुरा पडत नाही. २०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आहेत. लेबर रूममध्ये सोबतीला एक बाई असू द्यावी असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं. बाईने मागितली तर एपिड्युरल किंवा इंजेक्शन द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये म्हटलं.

आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी पार्टोग्राफची नवी आवृत्ती काढली. त्यात बाळाच्या ठोक्यांच्याही वर एक छोटा भाग आहे. सोबत आहे का. वेदनेवर आराम दिला का. प्यायला दिलं का. आडवी आहे की फिरते आहे. वेदनेच्या ओळीत तीन अक्षरं चालतात: हो, नाही, आणि "तिने नको म्हटलं". त्यातलं "नाही" हे धोक्याच्या रकान्यात धरलंय, बाळाचे ठोके बिघडल्यासारखंच! हा फॉर्म पाहिला तेव्हा मी खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. सिम्प्सनपासून १७३ वर्षांनी एक ओळ आली. अर्थात फॉर्म आला म्हणजे रिलीज झाला असं नाही, आणि रिलीज झाला म्हणजे वापरात आला असंही नाही. पण फील्ड तरी तयार झाली.

आमचं काय झालं ते राहिलंच. दोन महिन्यांनी, रात्री अडीचला, बायकोने स्वतःच सांगितलं, "आता हवंय." भूलतज्ज्ञ आल्या, तिला कुशीवर वळवलं, आणि वीसेक मिनिटांत तिच्या कपाळावरची आठी गेली. माझ्याकडे बघून पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तू जेवलास का?" सकाळी सातला मुलगी झाली. त्याआधी आईला फोन केला होता तेव्हा ती म्हणाली होती, "आमच्या टायमाले नोहतं बाप्पा असं काही. कया त सोसाच लागे." आणि मग थोडं थांबून, "घेऊ दे तिले. तू मधात बोलू नको."

गेल्या दिवाळीत ताईला त्या तक्त्याबद्दल सांगत होतो. ती अनारसे तळत होती. विचारलं, तुला तेव्हा मिळालं असतं तर घेतलं असतंस?

तिने झारा बाजूला ठेवला. "घेतलं असतं का नसतं, ते मले नाही सांगता येत. पण कोणी इचारलं असतं त बरं वाटलं असतं."